नाकासमोर बरोबर, बाजूला उलट : पुण्यातील एका टीकास चाचणी सेवेचा अनुभव

मे महिन्यातील एका उड्डाणानंतर आमच्या कॅप्टन बाईंनी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, एकच ओळ लिहिली होती : ‘टीकासने डावीकडे विमान दाखवले, प्रत्यक्षात ते उजवीकडे दिसले.’ एका खासगी कंपनीचे दोन इंजिनांचे नऊ आसनी टर्बोप्रॉप विमान पुण्याच्या लोहगाव विमानतळावर असते आणि त्याच्या देखभालीची जबाबदारी माझ्याकडे आहे. ती ओळ वाचल्याबरोबर मी कॉकपिटमध्ये जाऊन टक्कर टाळणाऱ्या या यंत्रणेची स्वयंचाचणी घेतली. पडद्यावर नेहमीची चिन्हे उमटली आणि चाचणी उत्तीर्ण झाल्याचा नेहमीचा आवाज हेडसेटमध्ये आला. त्याआधीच्या प्रत्येक सकाळीही तो तसाच आला होता. यंत्र म्हणत होते की सारे ठीक आहे आणि वैमानिक म्हणत होत्या की नाही. या कामात जवळजवळ तीस वर्षे काढल्यावर अशा वेळी वैमानिकाचे ऐकायचे असते, एवढे मला नक्की कळते.

त्यानंतर पुण्यातील ज्या छोट्या एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे) कार्यशाळेची सेवा आम्ही घेतली, तिच्याविषयी हे लिहीत आहे. एक ज्येष्ठ तंत्रज्ञ आणि त्यांची तरुण सहकारी अशा दोनच माणसांची ही कार्यशाळा आहे. विमान जेथे उभे असेल तेथे येऊन ते ट्रान्सपाँडर (विचारणा होताच विमानाची ओळख आणि उंची रेडिओने कळवणारे उपकरण) आणि टीकास यांचे कॉन्फिगरेशन, म्हणजे त्या विमानासाठीची जुळणी, पडताळतात, चाचणी घेतात आणि अहवाल देतात. कार्यशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी सेवा घेणाऱ्याने काय मागावे आणि काम चालू असताना कोठे उभे राहून पाहावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

आमच्या विमानात टीकास-एक आहे. मोठ्या प्रवासी विमानांतील टीकास-दोन वैमानिकाला वर चढण्याचा किंवा खाली उतरण्याचा स्पष्ट आदेश देते. टीकास-एक आदेश देत नाही. दुसरे विमान धोक्याच्या अंतरात येण्याच्या २० ते ३० सेकंद आधी ते ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ एवढेच सांगते आणि ते विमान कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती वर किंवा खाली आहे ते पडद्यावर दाखवते. पुढचे काम वैमानिकाच्या डोळ्यांचे असते. टीकास-दोनचे आदेश केवळ वर किंवा खाली असेच असल्यामुळे तेथे दिशेत थोडी चूक झाली तरी आदेश बिघडत नाही. टीकास-एकमध्ये मात्र ‘कोणत्या खिडकीतून पाहायचे’ हीच सगळी मदत असते. डावे-उजवे उलटले की वैमानिक रिकाम्या आकाशाकडे पाहत राहतो आणि हाताशी असलेली वीस सेकंदे त्यातच सरतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ यांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे गेली, तेव्हा मी या क्षेत्रात नुकताच आलो होतो. भारतात ही यंत्रणा सक्तीची झाली ती त्या अपघातानंतर. या उपकरणाच्या चाचणीत कोणी घाई केलेली मला सहन होत नाही, त्याचे मूळ तेथे आहे.

या सेवेची पहिली चांगली गोष्ट विमानाजवळ येण्याआधीच दिसली. त्यांनी आठवडाभर आधी आमच्याकडून वायरिंगचा आराखडा, नोंदणी प्रमाणपत्रासोबत मिळालेला २४ बिटांचा मोड-एस पत्ता (ट्रान्सपाँडर पाठवतो तो विमानाचा ओळख क्रमांक), ट्रान्सपाँडर शेवटचा कधी बदलला त्याची नोंद आणि टीकास बसवताना भरलेला कॉन्फिगरेशनचा तक्ता मागवून घेतला. हा तक्ता बहुतेक ठिकाणी फाइलमध्ये पडून असतो. उंचीचा आकडा कोणत्या उपकरणाकडून घ्यायचा, रेडिओ अल्टिमीटर (रेडिओ लहरींनी जमिनीपासूनची उंची मोजणारे उपकरण) आहे का आणि कोणत्या प्रकारचा, चाके बाहेर आल्याचा संकेत कोणत्या वायरीवर येतो, अँटेना विमानाच्या पाठीवर आहे की पोटाखाली, हे सारे त्यात ठरलेले असते. टीकासच्या पेटीला स्वतःहून यातले काहीच कळत नाही. ज्या पिना जमिनीला जोडल्या आणि ज्या मोकळ्या सोडल्या त्यांवरूनच ती आपण कोणत्या विमानात बसलो आहोत हे समजून घेते. पोटाखालची दिशादर्शक अँटेना उलटी बसते, म्हणून तिची डावी-उजवी पाठीवरच्या अँटेनाच्या उलट असते. तेथे एक पिन चुकली तरी आमच्या विमानासारखेच लक्षण दिसले असते. त्यामुळे त्यांनी सर्वांत आधी ती पिन पाहिली. ती बरोबर होती.

पत्त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण ही चूक मी दुसऱ्या विमानांवर प्रत्यक्ष पाहिली आहे. प्रत्येक विमानाला जगात एकमेव असा २४ बिटांचा पत्ता असतो आणि भारताच्या वाट्याला २,६२,१४४ पत्ते आले आहेत. सोळाच्या पायावर लिहिला तर भारतीय विमानाचा पत्ता सहा अंकी असतो आणि ८० ते ८३ यांपैकी एका जोडीने सुरू होतो. आठाच्या पायावर लिहिला तर तो आठ अंकी होतो आणि ४० ने सुरू होतो. काही ट्रान्सपाँडरमध्ये तो एका पद्धतीने भरावा लागतो, काहींमध्ये दुसऱ्या, आणि कागदावर कोणत्या पद्धतीने लिहिला आहे हे न पाहता भरला की तो चुकतो. काही वेळा पत्ता पेटीतच साठवलेला असतो आणि पेटी एका विमानातून काढून दुसऱ्यात बसवली की जुन्या विमानाचा पत्ता तिच्यासोबत जातो. मग जमिनीवरच्या रडारला एकाच नावाची दोन विमाने दिसतात. आणि टीकास-दोन असलेल्या विमानाला आपल्याच पत्त्याचे दुसरे विमान भेटले, तर ते उत्तर स्वतःचेच समजून वगळले जाते. म्हणजे जे दिसायला हवे नेमके तेच दिसत नाही. तरुण सहकारी बाईंनी आमचा पत्ता ट्रान्सपाँडरच्या पडद्यावरून वाचला नाही. त्याने प्रत्यक्ष हवेत पाठवलेल्या उत्तरातून चाचणी संचावर वाचला आणि प्रमाणपत्राशी अंक-अंक बोट ठेवून ताडून पाहिला. कामाची ही रीत मला फार आवडली.

ट्रान्सपाँडरची चाचणी हँगरच्या आत झाली. टीकास १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न विचारते आणि आसपासच्या विमानांचे ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतात; उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजले जाते आणि एक सागरी मैल जाऊन येण्यासाठी १२.३६ मायक्रोसेकंद धरतात. उंचीच्या चाचणीत स्थिर दाबाच्या नळीवर, म्हणजे जिच्यातील दाबावरून उंची मोजली जाते तिच्यावर, पंप लावून विमानाला आपण वीस-तीस हजार फुटांवर आहोत असे भासवावे लागते. विमान जमिनीवर उभे असते आणि त्याचा ट्रान्सपाँडर मात्र तीस हजार फूट उंची सांगत असतो. हे उत्तर हवेत सुटले, तर वरून जाणाऱ्या प्रवासी विमानाचे टीकास ते खरे मानून वैमानिकाला नसलेले विमान टाळायला लावू शकते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, सुखोईंची ये-जा असते आणि त्याच धावपट्टीवर प्रवासी विमानेही दिवसभर उतरतात. अशा ठिकाणी ही काळजी घेतली नाही, तर तो निष्काळजीपणाच ठरतो. या दोघांनी अँटेनावर संकेत बाहेर न जाऊ देणारी टोपी बसवली, चाचणी संच त्या टोपीलाच केबलने जोडला, उंचीच्या दोन आकड्यांच्या मध्ये प्रत्येक वेळी ट्रान्सपाँडर स्टँडबायवर (चालू, पण उत्तर न देणारा) ठेवला आणि सुरुवातीला टॉवरला कळवण्याची आठवण मला करून दिली. अल्टिमीटर (कॉकपिटमधील उंचीमापक) आणि ट्रान्सपाँडर यांच्या उंचीतला फरक १२५ फुटांच्या आत असावा लागतो. आमच्याकडे तो सर्वांत जास्त ७० फूट भरला. वारंवारता आणि पाठवण्याची शक्तीही मर्यादेत होती.

दिशेची चाचणी मात्र हँगरमध्ये होत नाही. पत्र्याच्या भिंतींवरून संकेत परावर्तित होतो आणि पडद्यावरचे चिन्ह डगमगत राहते. म्हणून विमान ओढून उघड्या जागेत आणावे लागले, ट्रान्सपाँडर स्टँडबायवर ठेवावा लागला आणि चाचणी संचाची शक्ती शक्य तेवढी कमी करावी लागली. जून लागला होता, ढग भरून आले होते आणि पाऊस कधीही येईल अशी स्थिती होती. तरीही त्यांनी मोजपट्टी काढली आणि विमानाच्या पाठीवरील अँटेनापासून पंधरा मीटर अंतरावर, नाकासमोरून सुरुवात करून प्रत्येकी ४५ अंशांवर, खडूने आठ खुणा केल्या. या आठ खुणांसाठी सुमारे अर्धा तास गेला आणि त्या अर्ध्या तासानेच पुढचा सगळा उलगडा झाला.

पहिल्या खुणेवर, म्हणजे नाकासमोर, ट्रायपॉडवरची छोटी अँटेना विमानाकडे रोखली गेली. चाचणी संच अशा वेळी एक काल्पनिक विमान उभे करतो. त्याचे अंतर आणि उंची आपण भरायची. पहिल्या प्रयत्नात पडद्यावर काहीच उमटले नाही. क्षणभर मला वाटले की संचच बिघडला. सहकारी बाईंनी मात्र लगेच उंचीचा आकडा तपासला. मुंबईत केलेल्या आधीच्या कामातील हजार फुटांचा आकडा संचात तसाच राहिला होता. मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीला लागून आहे, तेथे हजार फुटांवरचे विमान आकाशात असते. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फूट उंच आहे आणि पावसाळ्यात हवेचा दाब उतरला की दाबावरून मोजलेली उंची त्याहूनही वर जाते. त्या दिवशी आमचे विमान जमिनीवर उभ्या उभ्या २,१४० फूट दाखवत होते. म्हणजे ते काल्पनिक विमान आमच्या चाकांखाली अकराशे फुटांवर, जमिनीच्या पोटात होते. जमिनीवरच्या विमानांनी पडदा भरून जाऊ नये म्हणून टीकास रेडिओ अल्टिमीटरच्या आधारे जमिनीची पातळी काढते आणि त्या पातळीलगतची किंवा खालची उत्तरे गाळून टाकते, त्याप्रमाणे तिने हे विमान गाळले. यंत्रणा बरोबर वागत होती, आकडा आपल्या गावचा नव्हता. पुण्यात चाचणी घेणाऱ्या प्रत्येकाने काल्पनिक विमानाची उंची आपल्या विमानाच्या त्या दिवशीच्या दाब-उंचीत मिळवून भरावी. आकडा ३,१०० केल्याबरोबर दोन मैलांवर भरीव समभुज चौकोन उमटला आणि त्याच्या डोक्यावर ‘+१०’ आले, म्हणजे हजार फूट वर. दिशा नाकासमोर. अगदी बरोबर.

येथे बहुतेक लोक थांबतात. मीही पूर्वी अनेकदा येथेच थांबलो आहे, हे मला लिहिलेच पाहिजे. ज्येष्ठ तंत्रज्ञ म्हणाले, “साहेब, नाकासमोरचं बरोबर दाखवतंय. आता कडेला जाऊन बघू.” ट्रायपॉड उचलून ते उजव्या पंखाच्या टोकापलीकडच्या, ९० अंशांच्या खुणेवर गेले. मी कॉकपिटमध्ये बसलो होतो आणि उजव्या खिडकीतून मला त्यांची केशरी जाकिटे दिसत होती. पडद्यावरचा चौकोन सरकला आणि डावीकडे जाऊन स्थिर झाला. मग शेपटीमागे गेले, तो मागे गेला. डाव्या पंखाकडे गेले, तो उजवीकडे आला. आठही खुणांवर हेच घडले : पुढचे पुढे, मागचे मागे, आणि बाजूचे प्रत्येक वेळी आरशातल्यासारखे उलटे.

कारण अँटेनाच्या बुडाशी सापडले. या अँटेनात चार घटक असतात आणि त्यांच्याकडे चार केबल जातात. पाठीवरचा पत्रा उघडून पाहिले तर डाव्या आणि उजव्या घटकांच्या केबलची अदलाबदल झाली होती. पुढची आणि मागची केबल आपापल्या जागी होती. दीड वर्षापूर्वी दुसऱ्या शहरातील एका कार्यशाळेत विमानाला नवा रंग दिला गेला तेव्हा अँटेना काढून पुन्हा बसवली होती. केबलवरच्या खुणेच्या पट्ट्या रंगाच्या फवाऱ्याखाली झाकल्या गेल्या होत्या आणि कनेक्टर चारही सारखेच असल्यामुळे कोणताही कोठेही बसतो. केबल तुटली असती किंवा सैल असती तर स्वयंचाचणीने ते पकडले असते. येथे चारही केबल धडधाकट होत्या, फक्त दोघींच्या जागा बदलल्या होत्या. मोठ्या यंत्रणांत अँटेनाच्या प्रत्येक जोडणीला वेगवेगळा विद्युत रोध ठेवलेला असतो आणि त्यावरून अदलाबदल कळते. आमचा जुना संच तेवढी तपासणी करत नाही. दीड वर्ष हे विमान असेच उडत राहिले, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

केबल जागेवर लावल्यावर त्यांनी आठही खुणा पुन्हा घेतल्या. केवळ बिघडलेल्या सहा खुणा घेऊन काम संपवले असते तरी मी हरकत घेतली नसती, पण त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्या फेरीत सर्वांत मोठी चूक बारा अंशांची निघाली, जी डोळ्याने विमान शोधायला अडचणीची नाही. शेवटी जवळ येणाऱ्या विमानाची चाचणी झाली. काल्पनिक विमान पाचशे फूट वर ठेवून ३०० नॉट वेगाने जवळ आणले. हा वेग म्हणजे मिनिटाला पाच सागरी मैल. जमिनीलगत २० सेकंदांचा निकष लागू असतो, म्हणून इशारा १.७ मैलांच्या आसपास यायला हवा, आणि तो तेथेच आला : चौकोनाचा पिवळा गोल झाला. दूरमापक (जमिनीवरच्या केंद्रापासूनचे अंतर मोजणारे उपकरण), ट्रान्सपाँडर आणि टीकास जवळजवळच्या वारंवारतांवर चालतात, म्हणून एक पाठवत असताना दुसऱ्यांना क्षणभर बहिरे करणारी एक वायर असते. ती नीट नसेल तर आपलाच ट्रान्सपाँडर शून्य अंतरावरचे विमान म्हणून पडद्याला चिकटून राहतो. तीही त्यांनी ट्रान्सपाँडर चालू करून पाहिली. ती ठीक होती.

आता त्रुटी. त्यांच्याकडे चाचणी संच एकच आहे आणि तो दरवर्षी कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याचीच अचूकता तपासण्यासाठी, बाहेर जातो, त्यामुळे तारीख मिळायला आम्हाला तीन आठवडे लागले. टेक लॉगमध्ये तक्रार असताना तीन आठवडे म्हणजे विमान जमिनीवर, आणि तो खर्च त्यांच्या शुल्काहून कितीतरी जास्त होता. अहवाल चार दिवसांनी आला. त्यात आठ खुणांचे दोन्ही फेऱ्यांचे आकडे होते, संचाच्या कॅलिब्रेशनची तारीख होती, पण अँटेनापासूनचे अंतर आणि केबलमधील संकेताची घट किती धरली हे लिहिलेले नव्हते. ते आकडे संचात भरल्याशिवाय ट्रान्सपाँडरच्या शक्तीचे मोजमाप खरे येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तुलना करायला ते कागदावर असणे गरजेचे आहे. मी मागितल्यावर सुधारित अहवाल दुसऱ्याच दिवशी मिळाला; पण तो मागावा लागू नये. शुल्क ट्रान्सपाँडरचे वेगळे आणि टीकासचे वेगळे आकारतात. ते स्वस्त नाही. मला ते योग्य वाटले.

एक गोष्ट ग्राहकांना आधीच स्पष्ट सांगायला हवी, आणि या कार्यशाळेने ती आमच्या वैमानिकांना बसवून सांगितली याचे मला समाधान आहे. टीकास फक्त ट्रान्सपाँडर असलेल्या विमानालाच पाहते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून उडालेल्या ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर नसेल तर आमच्या पडद्यावर तो कधीच येणार नाही, केबल कितीही बरोबर लावल्या तरी. ट्रान्सपाँडर असून तो उंची पाठवत नसेल, तर चिन्ह दिसेल पण त्याच्याशेजारी आकडा नसेल. ते वर आहे की खाली, हे खिडकीतूनच पाहावे लागते. ग्लायडरसाठी स्वित्झर्लंडमध्ये २००४ पासून फ्लार्म नावाची वेगळी यंत्रणा तयार झाली आहे, पण ती आपसांत बोलते, टीकासशी नाही.

दुरुस्तीनंतरच्या चौथ्या दिवशी त्याच कॅप्टन बाई विमान घेऊन गेल्या. उतरल्यावर त्यांनी मला हँगरमध्ये गाठून सांगितले की वाटेत दोनच्या दिशेला (घड्याळात दोन वाजता तासकाटा असतो तेथे, म्हणजे उजवीकडे पुढे), सहा मैलांवर, आठशे फूट खाली एक विमान दाखवले आणि उजव्या खिडकीतून ते तेथेच होते. टेक लॉगमध्ये त्यांनी ‘दिशा बरोबर’ एवढेच लिहिले. आता चारही केबलवर कार्यशाळेने लावलेल्या धातूच्या चकत्या आहेत, ज्या रंगाखाली झाकल्या तरी बोटांना लागतात, आणि पुढच्या मे महिन्याची तारीख मी आत्ताच घेऊन ठेवली आहे.